अर्ध्या इंचाचा पाइप

प्रिय विमल,

तुला चार शब्द सुनावायचे आहेत आणि तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. दीड महिना झाला तुला जाऊन. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण तू माझ्या अंगणात एक अख्खी गाडी ठेवून जातेस, तिच्यात पंप आहे तर पाणी नाही, पंखा आहे तर तो बसवायला छताला भोक नाही, आणि वर मी भांडायचंही नाही?

उद्या रविवार. सकाळी गाडी बघायला माणूस येणार होता. तुझ्या मृणालने पुण्यात बसून ठरवलं. तो म्हणे तिच्यात चायनीजचा ठेला टाकणार होता. आपल्या गाडीत, विमल! खिडकीकडचा पलंग तू माझ्यासाठी राखून ठेवला होतास. तिथे मंचुरियन तळणार होता!

मंगळवारी मी मृणालला फोनवर चांगलंच झाडलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, आई होती तोवर ठीक होतं. तुम्हाला यातलं काही कळतं का? रविवारच्या आत नळाला पाणी आणून दाखवा, मी त्याला नको म्हणून सांगते." पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला हे ऐकावं लागलं! आणि खरंच मला यातलं काही कळत नाही.

कळणार कसं? शाळेची मोडीत निघालेली बस तू विकत घेतलीस, बाकं उपटलीस आणि मला दाखवायला घेऊन आलीस. "शैले, लोकं रिटायर झाल्यावर घरात बसतेत. आपण घर घेऊन हिंडू." तू जलसंपदा खात्यात सर्व्हेयर, आयुष्यभर जीप हाकलेली. मी चहा करायचा आणि नकाशा वाचायचा, असं ठरलं होतं ना आपलं? मग पाना माझ्या हातात कसा आला?

सुट्या भागांचं तुझं खोकं मृणालने पुण्याला जाताना माझ्याकडे ठेवलं. प्रत्येक भागाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, तुझ्या त्या वाकड्या अक्षरात. 'पंप.' 'जाळी.' 'कोपरा, अर्धा.' 'जोड, अर्धा.' आणि प्रत्येक 'अर्धा'वर लाल पेनची फुली मारून शेजारी माझ्या अक्षरात: 'पाऊण'.

आठवतंय? आठवत असणारच. तू पंपाचा पाइप जोडत होतीस. मी पर्समधून पट्टी काढून तो मोजला. पाऊण इंचाहून थोडा जास्तच भरला. म्हटलं, "विमल, हा पाऊण आहे."

तू हसलीस. "पाइप असा नाही मोजत वं. याले अर्धाच म्हणतेत."

"म्हणतात म्हणजे काय? पट्टी खोटं बोलते का?" असं म्हणून मी लाल पेन घेतलं आणि तुझ्या सगळ्या चिठ्ठ्या तपासल्या. सातवीच्या वह्या तपासाव्यात तशा. सावनेरहून तू पहिल्यांदा होस्टेलला आलीस, तेव्हापासून मी तुला तपासतच आले. होस्टेलच्या सिस्टर परवडल्या असतील तुला. त्या निदान रविवारी सुट्टी घ्यायच्या.

त्या दिवशी तू पाइप खाली ठेवलास. हात पुसलेस, खोकं उचललंस आणि गेलीस. नऊ दिवस तुझा फोन नाही. मीही केला नाही. दहाव्या दिवशी सकाळी मृणालचा आला. तू रात्री झोपलीस ती उठलीच नाहीस.

इतका राग आला होता का गं तुला?

असो. बुधवारी मी इंटरनेटवर शोधलं. तिथे अशा गाड्यांचं सगळं सामान बोटींच्या सामानात घालतात. बोटीचा पंप, बोटीचा नळ, बोटीची खिडकी! नागपुरात मी बोट कुठे नेऊ, फुटाळा तलावात? गुरुवारी सीताबर्डीच्या बाजारात गेले. तिथल्या माणसाने मला मोबाइलचं कव्हर दाखवलं. शेवटी लकडगंजात नळाच्या सामानाचं दुकान सापडलं. पाऊण इंची नळ आणि पाऊण इंची जोड, दोन्ही ठणकावून मागून घेतलं.

घरी येऊन बघते तर जोड पाइपवर डुगडुगतोय. त्यात मी पांढरी टेप गुंडाळत बसले. एक अख्खं रीळ संपवलं, मग पंपाचं बटण दाबलं. पाणी आलं, विमल! नळातून सोडून सगळीकडून आलं. चष्म्यावर, साडीवर, नकाशावर. मी खाली बसून रडले. पाण्यामुळे असेल.

आज सकाळी पाइपचा तुकडा घेऊन पुन्हा त्याच दुकानात. म्हाताऱ्या दुकानदाराने तो हातात घेतला आणि म्हणाला, "बाई, याले पाऊण काहून लावून राहिल्या? हा तर अर्धा आहे."

मी काउंटरवर पट्टी ठेवली. "मोजा."

"बाहेरून नका मोजू. आतून मोजा."

मी आतून मोजलं. तरी अर्ध्याच्या वरच! "मग यात अर्धा इंच आहे कुठे?"

"कुठंच नाही. पण सारी दुनिया याले अर्धाच म्हणते."

"मग दुनिया चुकते."

"चुकत असन, बाई. पण पाणी गळत नाही."

मी पट्टी उचलली. मग तो माझ्या पट्टीकडे आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही त्या जीपवाल्या बाईच्या मैत्रीण का? भरउन्हात आल्या होत्या इथं. एका तोंडानं अर्धा अन् दुसऱ्या तोंडानं पाऊण असा जोड द्या म्हणे. म्या म्हटलं, कायले पायजे? तर म्हणे, पट्टीवाली मैत्रीण ऐकत नाही, तिचंबी बसलं पायजे."

मी तशीच रिक्षा करून घरी आले.

कारण तो जोड माझ्याकडेच होता, विमल. खोक्याच्या तळाशी, चिठ्ठी नसलेला. एक तोंड लहान, एक मोठं. हे कशाचं काय, ते कळेना, म्हणून मी तो गाडीत तुझ्या फोटोपुढे ठेवला होता आणि त्यात रोज उदबत्ती लावत होते.

उन्हातून लकडगंजला जाता आलं, मग मला एक फोन नाही करता आला? की तो जोड घेऊनच यायचं होतं तुला? चिठ्ठी म्हणूनच बांधली नव्हतीस का? हे मी आता कोणाला विचारू?

राख झटकून जोड धुतला. लहान तोंड तुझ्या पाइपला, मोठं तोंड माझ्या नळाला. टेपचे चारच वेढे. बटण दाबलं. आधी नळ खोकला, मग पाणी आलं, सरळ आणि फक्त नळातून. मी फोन नळाखाली धरून मृणालला ऐकवलं. तिने पुन्हा एकदा ऐकवायला लावलं. मग म्हणाली, "मावशी, त्याला मी नको म्हणून कळवते."

अर्धा इंच कुठे आहे ते मला अजून कळलेलं नाही. पटलेलंही नाही. तरी मघाशी लाल पेन घेऊन बसले आणि प्रत्येक चिठ्ठीवरचा माझा 'पाऊण' खोडून तुझ्या 'अर्ध्या'पुढे बरोबरची खूण केली. साठ वर्षांत पहिल्यांदा तुला पैकीच्या पैकी!

सोमवारी सकाळी गाडी काढते. सावनेरपर्यंतच, तुझ्या गावापर्यंत. एवढी मोठी गाडी मी कधी चालवलेली नाही, मागचे लोक हॉर्न मारतील, मारू देत. चहा दोन कप करीन. आणि वचन देते, विमल, पट्टी घरी ठेवून येईन.

तुझी, न ऐकणारी
शैला