वच्छला वर बघत नाही

११ एप्रिल १९८५
सकाळी बैलगाडीतून वच्छला आली, वय पंचवीसेक, सोबत सासरे आणि तिची लहान मुलगी. काल मोहफुलं वेचताना वाळकी फांदी डोक्यात पडली. थोडा वेळ शुद्ध नव्हती. आता चालते, बोलते. डोकं दुखतं, उलटी झाली. टाके घातले. बोट फिरवून नजर पाहिली : डावी, उजवी, खाली ठीक. वर बघेना. सासरे शेजारीच उभे. म्हणाले, "माह्यासमोर सून डोळे वर करत नाई, साहेब. लाजरी हाय." मीही हसलो. दवाखान्यात ठेवून घेतलं.

१२ एप्रिल
उलटी नाही. सासरे घरी न्यायचं म्हणतात. मोहफुलं मातीत चालली. आणखी एक दिवस, म्हटलं. नजर पुन्हा पाहायची राहिली. राहिली की टाळली? परक्या सुनेला दुसऱ्यांदा 'वर बघ' म्हणायचं, तेही सासऱ्यासमोर...

१३ एप्रिल
नवरा सुखदेव बल्लारपूरहून आला, पेपर मिलमध्ये असतो. 'लाजरी' ऐकून म्हणाला, "तुमच्यासमोर असंल, बाबा. मले तं डोळ्यात डोळे घालून शिव्या देते." वच्छला हसली.

सासऱ्यांना बाहेर बसवलं. पुन्हा बोट. वर नाहीच. सुखदेवला म्हटलं, मुलीला खांद्यावर घे. ती वरून म्हणाली, "माय, इकडे पाह्य ना." वच्छलाने मान मागे टाकली, आणखी मागे, कलंडेपर्यंत. डोळे तिथेच.

"कधीपासून?"
"फांदी पडली तवापासून."
"सांगितलं काऊन नाई?" सुखदेव ओरडला.
"मामाजी उभे होते."

वरची नजर गेली म्हणजे मेंदूत आत, मुळाशी दाब. परीक्षेला लिहिलं होतं हे. नागपूरला हलवायला हवं. सासरे : "चालते, जेवते. नागपूरले कायले?" दाखवायला माझ्याकडे फोटो नाही, काही नाही. एक बोट. सुखदेवने ऐकलं.

१४ एप्रिल
गावात निळे झेंडे, मिरवणुकीची तयारी. जीप उशिरा मिळाली. वच्छला पहाटेपासून गुंगीत. हाक मारली की हुंकार. सुखदेव सोबत गेला. मुलगी आजोबांकडे.

दोन दिवस आधी पाठवली असती तर. हे वाक्य पुरं करत नाही.

१७ एप्रिल
नागपूरहून निरोप नाही. पोस्टातला फोन लागत नाही.

झाडावरून पडलेला एकजण आला. बोट उचलण्याआधी सगळ्या नातेवाइकांना बाहेर काढलं. त्याची नजर ठीक.

सासरे रोज येऊन पायरीवर बसतात, नात मांडीवर. संध्याकाळी मी बाहेर आलो तर उठून उभे राहिले. म्हणाले, "साहेब, वर पाहू नको असं मी तिले कधी म्हटलं नव्हतं जी."