कॅसेटमधल्या सुहासिनीबाई

३ एप्रिल
सकाळच्या लोकलनं रायपूरहून निघाले. कुम्हारी गेलं, चरोद्याचं यार्ड गेलं, आणि दहाच्या आत भिलाई. हुडको कॉलनीतलं अच्युतकाकांचं घर मस्त आहे. अंगणात आंबा, माझ्या खोलीला कूलर, आणि मैनाबाईंच्या हातची कढी. काका स्टील प्लांटमधून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. काम माझ्या आवडीचं. त्यांच्या पत्नीचा, सुहासिनीबाईंचा, जुना घरगुती कॉम्प्युटर कधीच बंद पडलाय, फक्त एक कॅसेट उरलीय. बाई टेपरेकॉर्डरच्या माइकमधून आपला आवाज त्या मशीनमध्ये भरायच्या. मला लॅपटॉपवर त्या मशीनची नक्कल उभी करून तो आवाज काढायचाय. बाईंना जाऊन छत्तीस वर्षं झाली. शेवटच्या दिवशी ती काय बोलली ते ऐकायचं, असं काका म्हणाले.

५ एप्रिल
कॅसेट वाचली गेली, पण नुसती खरखर. कारण सापडलं. जुन्या मशीनमध्ये पडदा रंगवला जाताना प्रोसेसरला क्षणभर थांबावं लागायचं. माझ्या नकलेत ते थांबे नाहीत, म्हणून स्पीकरचे ठोके भलत्या वेळी पडतात. काकांना सांगितलं, तर म्हणाले, अंदाजे चालणार नाही, तंतोतंत पाहिजे. मोबाइलमुळे स्पीकर घरघरतो म्हणून माझा मोबाइल त्यांनी आपल्याकडे ठेवून घेतला.

७ एप्रिल
बरेच थांबे बसवले. दुपारी खरखरीतून श्वास ऐकू आला. बाईचा, दम लागलेला. मग एकच शब्द, "कावून?" म्हणजे, का?
काका दारात होते. अजून गणित चुकून राहिलं, थांबू नको, एवढंच म्हणाले. ताट खोलीतच पाठवलं. अंगणात जाते म्हटलं तर वाटेतून हलले नाहीत.

८ एप्रिल
आज वाक्य लागलं. "मले कावून उठवलं?"
रेकॉर्डिंग आहे, रेकॉर्डिंगच आहे. पुन्हा लावलं. या वेळी म्हणाली, "कोण आहेस तू?"
फाइल तीच आहे. तीनदा ताडून पाहिली. काहीच बदललेलं नाही.

९ एप्रिल, सकाळ
मैनाबाई तेव्हाही याच घरी कामाला होत्या. भांडी घासता घासता हळूच म्हणाल्या, "मॅडम, ते नोका लावू. बाई माहेरी चालली होती, तं सायबानं तिले तुमच्याच खोलीत, त्या मशीनपाशी कोंडलं. दम्याची बाई. दिवसभर कडी नाही काढली."
काकांना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. ती आपलं नाव घेते का, माफ केलं म्हणते का, तेवढंच ऐकायचं आहे म्हणाले. मी निघते म्हटलं. बॅग घ्यायला खोलीत आले आणि मागे कडी लागली.

दुपार
दार ठोकून हात सुजला. खिडकीला जाळी. बाहेरून काका शांतपणे सांगतात, एकच चूक उरली, ती काढ, मग कडी काढतो.
काढली.
आवाज स्वच्छ. बाजूला बसून बोलावं तसा. दार कोणी लावलं विचारते. काकांनी, म्हटलं. वाटलं, त्यांच्यावर चिडेल. म्हणाली, "तुनं मले याच खोलीत परत आणलं."

दुपारीच
लॅपटॉप बंद केला. वायर ओढली. स्पीकर फोडला. ती बोलतेच आहे.
काका दाराला कान लावून रडतात. माझं नाव घे म्हणतात. ती घेत नाही. ती माझंच—

तिचा श्वास अडकला की माझा अडकतो. हवा आहे, कूलर चालू आहे, तरी—
मी ओरडले. काका म्हणाले, चूप, मले ऐकू दे.

तिच्या शेवटच्या दिवसाचं आहे हे. शेवटपर्यंतचं. आणि मी सगळे थांबे तंतोतंत—

थांबली. परत श्वास ओढला. आता थांबा पहिल्यापेक्षा लांब—

बाहेर मैनाबाई. काकांशी झटापट. कडीला हात लागला, वाजली—

थांबली. अजून श्वास नाही. अजून ना