मठाची भांडी

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

पुणे, १२ फेब्रुवारी २००१

ती. अक्कास,
वीरेशचा सा. न. वि. वि.

तुझे दीर भारतराव आमच्या कंपनीत रुळले. मीच चिकटवलं म्हटल्यावर सांभाळायलाही मीच! मुंबईच्या एका व्यापारी कंपनीचं काम आहे. तिथला माणूस संगणकावर बसला, की सर्व्हरवर त्याच्या नावानं आमचा प्रोग्राम उभा राहतो आणि माहितीच्या कोठाराशी एक जोडणी घेतो. जोडण्या मोजक्याच, म्हणून परत सोडाव्या लागतात. भारत म्हणाला, प्रत्येक कामानंतर लगेच सोडू. मी म्हटलं, लग्नाला मठातून आणलेली भांडी पंगतीगणिक घासून परत पोचवतोस काय बे? मांडव उतरल्यावर एकदाच द्यायची. माणूस बाहेर पडला, की शेवटी सोडायची, असंच लिहायला लावलं. सगळे लई हसले. बिचारा कानापर्यंत लाल झाला.

दाजींना नमस्कार. माया आहेच, ती वाढव.

तुझा,
वीरेश

धारूर, २० फेब्रुवारी २००१

चि. वीरेशास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. भांड्यांचं सासूबाईंनी दोनदा वाचायला लावलं आणि पोट धरून हसल्या. भाऊजींची पुण्याची नोकरी बघून पाटोद्याचे मोहनराव आपली मुलगी स्वप्नाली त्यांना द्यायला तयार झालेत. त्या दिवसापासून सासूबाई मला नावानं हाक मारतात. पूर्वी नुसतं ‘अगं’ होतं. हे तुझ्यामुळे झालं रे. प्रकृतीला जप आणि अशीच आठवण ठेव.

तुझी,
अक्का

पुणे, ९ एप्रिल २००१

ती. अक्कास सा. न. वि. वि.

वाईट बातमी आहे. मुंबईची माणसं नीट बाहेर न पडता सरळ मशीन बंद करून घरी जातात. त्यामुळे जोडण्या सुटल्याच नाहीत, साठत गेल्या, आणि ऐन मार्चअखेर सर्व्हर बसला. हे कुणी लिहिलं, असं साहेबांनी विचारलं. मी भारतचं नाव सांगितलं. हातानं त्यानंच लिहिलं होतं, म्हणजे खोटं न्हाई. तो माझ्याकडे बघत राहिला, पण वहिनीचा भाऊ म्हणून गप्प बसला. त्याला काढलं.

माझं अमेरिकेचं ठरत आलंय. दोघांच्या नोकऱ्या जाण्यापेक्षा एकाची गेलेली बरी. हे पत्र कुणाला वाचून दाखवू नकोस; त्यानं हलगर्जीपणा केला, एवढंच तू घरी सांग. तुझ्या शब्दाला तिथं आता मान आहे. रागावू नकोस, लोभ ठेव.

तुझा,
वीरेश

धारूर, २ मे २००१

श्री. वीरेश यांस,
नमस्कार.

भाऊजी घरी आले आणि चूक माझीच, एवढंच म्हणाले. मोहनराव विचारायला आले, तेव्हा मी तुमच्या सांगण्यावरून सगळ्यांसमोर म्हटलं, की भाऊजींनी हलगर्जीपणा केला. सख्खी वहिनी सांगते म्हटल्यावर त्यांनी तिथंच सोयरीक मोडली.

ते गेल्यावर सासूबाईंनी शांतपणे विचारलं, की मग भांड्यांचं ते कुणी सांगितलं होतं, ज्याच्यावर आपण सगळे हसलो? भाऊजी मान खाली घालून उठून गेले. मी त्यांचं लग्न माझ्या तोंडानं मोडलं आणि तुम्ही मला ते करायला लावलंत. माझी मला घाण वाटते.

भाऊ ठेव नाहीतर हे घर ठेव, असं सासूबाई म्हणाल्या. मी घर ठेवलं. आता मला पुन्हा ‘अगं’ म्हणतात.

यापुढं तुमचं पत्र आलं तर ते सासूबाईंच्या हाती जाईल. त्यांना वाचता येत न्हाई. त्या चुलीत घालतील आणि मी वर भाकरी टाकीन.

महादेवी