दोनशे लिटरच्या ड्रममधलं पोटॅश

५ जाने., सोम.
तळोद्याहून सल्फेट ऑफ पोटॅशच्या गोण्या आल्या. एकेक २५ किलोची. केळी घड भरण्यावर आहे, आत्ता खत पोचलं नाही तर फण्या बारीक राहतील. आबा (सासरे) दर वेळी अख्खी गोणी ठिबकच्या ड्रममध्ये उपडी करतात. तळाला पांढरा थर राहतो, तो फेकून देतात. आज धीर करून बोलले, विरघळत नाही ते वाया जातं. आबा म्हणाले, "मंग तूच सांग, कितलं टाकानं?"
मला! लग्नाला दोन वर्षं झाली, शेतातलं पहिल्यांदा कुणी विचारलं.
दुपारी बी.एस्सी.चं पुस्तक काढलं. १०० ग्रॅम पाण्यात १२ ग्रॅम विरघळतं. म्हणजे लिटरला १२०. ड्रम २०० लि. म्हणजे २४ किलो. हात्तिच्या! आबांपेक्षा एकच किलो कमी. तोंड वर करून सांगायचं तरी काय? तरी सांगितलं.

६ जाने., मंगळ.
फजिती. तोलून टाकलं, हात दुखेपर्यंत ढवळलं, थर तसाच. गाळणी चोंदली. शेवटच्या ओळींना टिपूस नाही. म. (नवरा) हसतो, "एका किलोसाठी कॉलेज केलं?" असा राग आला!
आबा हसले नाहीत. ड्रममध्ये हात घालून म्हणाले, "पाणी बरफ शे. तुन्हा पुस्तकमा हिवाळा राहस नही का वं?"
पुस्तक पाहिलं. तक्त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात २५°. वाचलंच नव्हतं. रडू आलं, खरंच.

७ जाने., बुध.
मोबाइलवर पहाटे ११°. पुस्तकात १०° ला शंभराला ९ च. लिटरला ९०, ड्रमला १८ किलो. आबांना किलो चालत नाहीत, घमेलं लागतं. तोललं, घमेल्यात सहा किलो. तर तीन घमेली. पण मग गोणीत बरंच उरतं, आणि दुसरा ड्रम सोडेपर्यंत लाइट जाते.
सासूबाई चुलीपाशी ऐकत होत्या. "बंबनं पाणी लई जा. मी आज आंघोळ नही करस."
आंघोळीशिवाय चहाला न शिवणारी बाई!
ड्रम कोमट झाला. साडेतीन घमेली टाकली. ढवळताना काठी तळाला टक्क वाजली. थर नाही! आबांनी लगेच कॉक सोडला, गार व्हायच्या आत.

९ जाने., शुक्र.
शेवटच्या ओळींना थेंब पडतायत. त्यात पोटॅश किती आणि नुसतं पाणी किती, ते घडच सांगणार, अजून महिना तरी. म. ला हेच सांगत होते, तर शेजारचे भटूआप्पा दारात. त्यांचंही पोटॅश तळाला बसतंय. आबांना विचारलं, कितलं टाकानं?
आबा खाटेवरून हललेही नाहीत. "माले काय इचारस? आमनी सूनले इचार."
 आमचंच अजून ठरलं नाही, आणि आप्पांचं अख्खं वावर केळीचं. त्यात त्यांच्याकडे ड्रम नाहीच, सिमेंटची टाकी, एका अंगाला कललेली. लिटर किती, त्यांनाही ठाऊक नाही.
टेप घेऊन निघाले. मागून चपलांचा आवाज आला. आबा. टेपचं दुसरं टोक धरायला.