रविवारी रजेवर जाणारा सूर्य

छत्रपती संभाजीनगर,
चैत्र, सोमवार

चि. भारत यास सत्यशीला अक्काचा आशीर्वाद. सूर्यनारायणाच्या कृपेनं आम्ही बरे आहोत. तू, सायली, लेकरं बरी असाल.

तू पाठवलेल्या वस्तूंची पोच: टोपी एक, काळा चष्मा एक (दोन्ही तुझ्या दाजींना). औरंगपुऱ्यातून आणायला रिक्षानं साठ रुपये घेतले. टोपी त्याहून स्वस्त दिसते. तिसरी वस्तू तुझ्या ऑफिसनं फुकट धाडली: नोटीस.

वाळूजची नोकरी सुटल्यावर तूच शब्द टाकून दाजींना धरणातल्या बेटावर, तुमच्या ऑफिसच्या ऊन-वारा मोजायच्या केंद्रावर लावलंस. काम काय, तर माझ्याएवढ्या उंचीच्या खांबावरच्या वाट्या वारा मोजतात, खालचं काचेचं भिंग ऊन मोजतं, आकडे आपोआप पुण्याला जातात आणि दाजी काच पुसतात. (घरी वीस वर्षांत ताट पुसलं नाय, ते जाऊ दे.) उरलेला वेळ बाभळीखाली डोळे मिटून वाऱ्याचा अभ्यास. मीही दर रविवारी होडीतून सोबत जाते, सूर्याला अर्घ्य द्यायला. पूजेची पिशवी लई जड, पण कुरकुरत का होईना, उचलतात.

नोटीस म्हणते, दीड महिना दर रविवारी दहा ते चार ऊन निम्मं, वारा शून्य. आठ दिवसांत खुलासा द्या, नायतर काम बंद. वा! चैत्रात आमच्याकडं ऊन कमी! सूर्य सरकारी नोकरीला लागला म्हणायचा, रविवारची रजा घेतो. वाराही त्याच खात्यात. तुमचे ऋतुराज साहेब तपासायला आले ते गुरुवारी (रविवारी त्यांचीही रजा). होडीतून उतरले तेव्हा नाक लालभडक. म्हणाले, "अक्का, इथं ऊन कमी पडतंय." मी म्हटलं, "व्हय साहेब, मग नाकाला काय कुंकू लावून आलात?"

चेष्टा सोड. दाजी तीन दिवस धड जेवले नाहीत. म्हणतात, या वयात मला आता कोण ठेवणार?

तुझी,
अक्का

ता. क. फोनवर बोललं की दाजी ऐकतात, म्हणून लिहिते. शेजारच्या साळूबाईंनी तीन मजले चढवल्यापासून आमच्या गॅलरीत ऊन नाय. बेटावर ना धूळ, ना शेळ्या. पूजेच्या पिशवीत ओल्या कुरडया असतात, त्या तिथं खांबाखाली वाळत घालते. पाखरांनी चोच घालू नये म्हणून वर जुनं नऊवारी पसरते. लांब आहे, भिंगावरूनही जातं. उडू नये म्हणून पदराची गाठ वाट्यांना. चारला सोडते. दाजी तोवर बाभळीखाली वाऱ्याच्या अभ्यासात, त्यांना यातलं काही ठाऊक नाय.

ता. ता. क. मागं तुला पाठवलेल्या कुरडया त्याच. सायलीनं कौतुकाचे दोन फोन केले, म्हणजे यात तुझंही अंग आहे. तेव्हा एखादा शोभेलसा खुलासा उलट टपाली कळव. रविवारच्या आत, कुरडयांचे गहू भिजत घातले आहेत.