पुलावरची धाकटी

सोमवार, ३ तारीख

सगळ्यात आधी आला तो चष्मेवाला. दार ढकलून आत डोकं घातलं आणि ते वरच्या फळीवर आपटलं, म्हणजे ओळख व्हायच्या आधीच मी त्याच्या कपाळाला ओलं फडकं लावत बसले. त्याच्या मागून एक उंच पोरगी, आणि तिच्या मागून फोन समोर धरून एक ठेंगणी. तिघंही कॉलेजात शिकतात. पलीकडच्या खोलीतली शिंपीण फळीला कान लावून बसलेली असतेच. ती तिकडूनच ओरडली की म्हातारीला पाहुणे मिळाले, आता आठवडाभर तिचं तोंड बंद व्हायचं नाही. जीभ तिच्याच सुईसारखी आहे, पण मनाने बरी.

आम्हाला इथे येऊन आज नऊ दिवस झाले. हे पूर्वी टपालाचं गोदाम होतं म्हणे. आता फळ्यांच्या आडभिंती घालून खोल्या केल्यात. आमची चौदावी. दोन खाटा, एक बादली, एक दिवा, आणि दाराला आतून कडी! सहा महिने तंबूत काढल्यावर कडी म्हणजे काय चीज असते ते आम्हालाच विचारा. पहिल्या दिवशी मी आणि चिमणीने ती वीसदा लावून पाहिली. चिमणी म्हणजे माझी नात, सात वर्षांची, माझ्या मुलाची एकुलती एक. तिचे आईबाप मागे राहिले, मातीखाली.

ही वहीसुद्धा पोरांनीच दिली. म्हणाली, रोज लिहा आजी. माझी शाळा दुसरीपर्यंतच, पुढे चुलीपुढे बसवलं. पण येतं थोडं, आणि अडलं की चिमणी सांगते. मास्तरणीसारखी डोळे वटारून सांगते, मग खोकते. खोलीला खिडकी नाही, भिंतीला ओल आहे, तेवढंच काय ते उणं.

बुधवार, ५ तारीख

आज पोरांनी सगळं समजावून सांगितलं. त्यांचं फोनवर एक पान आहे. त्यावर आमच्यासारख्यांची तोंडं आणि गोष्टी टाकतात. कॉलेजची बाकीची पोरं ते बघून आपापलं घर निवडतात, कोणी शिकवायला येतं, कोणी दवाखान्यात नेतं. आवडलं की बघणारा बदाम देतो. खायचा नव्हे, पत्त्यातला, लाल. मी म्हटलं, बाई गं, आमच्या दैवात पत्त्यातलाच बदाम यायचा.

ज्याला बदाम जास्त त्याच्याकडे लोकांचं लक्ष, आणि लक्ष असलं की कचेरीतली शिक्केवाली बाईही जरा हलते. वरच्या मजल्यावर चार खोल्यांना खिडक्या आहेत. शिंपीण मशिनचं डोकं पाठीला बांधून नदीतून पोहत आली, त्या गोष्टीला चार हजार बदाम पडले, आणि परवा ती वर चालली. मलाच तिची गाठोडी बांधायला बसवलंय.

माझीही गोष्ट घेतली. मी खरं ते सांगितलं. ट्रक आला, बसलो, उतरलो, परत बसलो. चिमणीला मांडीवरून खाली ठेवली नाही. बदाम अकरा. त्यातले तीन या पोरांचेच. शिंपीण हसून हसून मेली. म्हणाली, तुझी गोष्ट म्हणजे नुसतं तिकीट दाखवणं.

शनिवार, ८ तारीख

चिमणी रात्रभर खोकली. दवाखान्यातली नर्स म्हणते औषध देईन, पण कोरडी हवा कुठून देऊ.

पोरं आली. उंच पोरीने माझा हात हातात घेतला आणि विचारलं, आजी, अजून काही आठवतं का, मनात ठेवलेलं, कोणाला न सांगितलेलं? तिचं मन वाईट नाही हो. पण तिला काय हवं होतं ते मला दिसलं. चिमणीला मी पाणी आणायला धाडलं आणि म्हटलं, आठवतं.

म्हटलं, माझ्या मुलाला दोन मुली होत्या. थोरली कडेवर होती. धाकटी पाच वर्षांची, तिचा हात धरून मी पुलावर चढले, आणि गर्दीचा लोंढा आला. डाव्या गालावर तीळ. केसांत रिबीन. मनात आली होती हिरवी, पण तोंडाने लाल म्हणाले, लाल डोळ्यांत भरते. वळून बघितलं तर मुठीत नुसती रिबीन होती, असं म्हटलं. कशी सुचली कोण जाणे, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण बोलता बोलता मीच रडायला लागले, खरं खरं. ठेंगणीने फोन आणखी जवळ आणला. चष्मेवाला बाहेर जाऊन उभा राहिला.

एका खिडकीसाठी एवढं चालतं. देवाला कान आहेत, पण डोळेही आहेतच ना, चिमणीची छाती त्याला दिसत असेल.

सोमवार, १० तारीख

साठ हजार! चष्मेवाल्याने आकडा दाखवला तर मला शून्यं मोजता येईनात. शिक्केवाली बाई स्वतः खोलीत आली, भिंतीला हात लावून म्हणाली, अरेरे, फार ओल आहे. जशी काय काल लागली. वरची एक खोली रिकामी होते आहे.

मी आज गाणी म्हटली. शिंपीण बोलली नाही माझ्याशी. जळू दे.

फक्त चिमणीने विचारलं, आजी, मला बहीण होती? मी म्हटलं, नाही गं राणी, ती गोष्ट होती. ती म्हणाली, मग तिला पुलावर कशाला सोडलीस? दुसरीकडे कुठे सोडायचं ना.

बुधवार, १२ तारीख

पोरं धावतच आली. तिघंही रडत होती, हसत होती. पानावर कोणीतरी लिहिलंय की पुलापलीकडच्या छावणीत एक मुलगी आहे. पाच वर्षांची. गालावर तीळ.

मला वाटलं जमीन फाटावी. मी सरळ सांगून टाकलं. म्हटलं, पोरांनो, मी खोटं बोलले, धाकटी नव्हतीच, मला खिडकी हवी होती. पाया पडते, थांबवा.

उंच पोरीने मला जवळ घेतलं. म्हणाली, आजी, स्वतःला दोष देऊ नका. आम्हाला वर्गात शिकवलंय, दुःख असह्य झालं की माणूस असंच म्हणतं. फोन चालूच होता.

शुक्रवार, १४ तारीख

माझं ते खोटं कबूल करणंही पानावर लावलं. आजी मानायलाच तयार नाही, असं खाली लिहिलंय. त्याला दोन लाख बदाम. शिंपिणीकडे गेले, म्हटलं, तू तरी सांग, तंबूत आपण शेजारी होतो, तू पाहिलंस, माझ्याबरोबर एकच होती. तिने दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, मी काय मोजत बसले होते का.

रविवार, १६ तारीख

आणली.

कोणाची तरी अनाथ पोर असेल, तीळबिळ योगायोग, चार दिवस जेवू घालू, असं मी ठरवून बसले होते. दारात उभी राहिली. केसांत काही नाही. सगळ्या फोनांपुढून चालत आली आणि माझा उजवा हात धरला. गार होता हात. म्हणाली, गर्दीचा लोंढा आला.

माझेच शब्द. माझ्यासारखंच लोंढा या शब्दावर थांबून.

चिमणी माझ्या मागे होती. ठेंगणीने तिला हळूच बाजूला सरकवलं, फोटोत मध्ये येत होती म्हणून.

सोमवार, १७ तारीख

सकाळी केस विंचरत होते तिचे. व्हिडिओ बघून कोणी पढवली असेल, हाच विचार डोक्यात. म्हटलं, तुझी लाल रिबीन कुठे गं? पोर आरशात बघून हसली. म्हणाली, आधी हिरवी होती.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. या वहीत आहे फक्त. तिला वाचता येत नाही.

चिमणी जेवली नाही. जेवणाच्या रांगेत वाढणाऱ्या बाईने दोनच ताटं दिली. मी भांडले. ती म्हणाली, आजी, तुम्ही दोघीच तर आहात. चिमणी माझा पदर धरून तिथेच उभी होती — तिच्या नाकासमोर.

मंगळवार, १८ तारीख

चिमणीला घेऊन कचेरीत गेले. शिक्केवाल्या बाईने कार्ड काढलं. एक म्हातारी, एक नात, वय पाच. म्हटलं, पाच नाही, सात, ही बघा, ही. बाईने मी दाखवलं तिथे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं — कीव केल्यासारखं. म्हणाली, पानावर तर ही पाच वर्षांचीच आहे ना आजी. सगळी दुनिया बघते आहे.

पान उघडून दाखवलं तिने. माझा पहिला व्हिडिओ, अकरा बदामांचा. त्यात मी ट्रकची गोष्ट सांगते आहे, चिमणीला मांडीवर घेऊन. आता मांडी रिकामी आहे. मी हात मात्र कोणाला तरी थोपटावं तसा हलवते आहे.

कानामागून आली अन् — नाही, तसं नाही. ती आली नाही. मी आणली. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, पण माझ्या कपाळी मारा ना. तिच्या का?

बुधवार, १९ तारीख

दाराला कडी लावून बसले. चिमणीला मांडीवर घेतलं. हलकी लागते. तिला म्हटलं खोक बाळा, जरा खोक, मला ऐकू दे. ती तोंड उघडते पण —

समोरच्या खाटेवर दुसरी बसलेली. पाय हलवत. कडी तर आतून आहे. तिला हात जोडले. म्हटलं तू कोणीही अस, राहा, जेव, पण हिला राहू दे. तिने अगदी शहाण्यासारखं विचारलं, आजी, एकच मांडी, एकच हात. पुलावर कोणीतरी सुटलीच होती ना? तूच तर सांगितलंस.

चष्मेवाल्याला सांगितलं. म्हणाला, विश्रांती घ्या.

गुरुवार, २० तारीख

आज खोकला नाही. सकाळपासून नाही. खाटेवर उशी आहे, उशीला खळगा आहे — हात फिरवला, ऊब होती थोडी. आता —

तिचा चेहरा लिहून ठेवावा म्हणून बसले. पुढचे दात. दोन पडलेले, की एक? नाक माझ्या मुलासारखं. डोळे — डोळे —

पोरं आली होती. टाळ्या वाजवत. वरची खोली मिळाली, पूर्वेची खिडकी. ऊन येतं म्हणे दुपारपर्यंत. त्या दुसरीने उड्या मारल्या. सगळ्यांनी तिचे फोटो काढले. मी विचारलं, चिमणी दिसली का कोणाला? उंच पोरगी म्हणाली, ही काय आजी, तुमच्या कुशीत.

सामान हलवायला परत येतो म्हणाली. नक्की येतो. मोठा कॅमेरा घेऊन. शनिवार, २२ तारीख, सकाळी अकरा. लिहून ठेवते, विसरायला नको. दोघी तयार राहा म्हणाली. दोघी, म्हणजे मी आणि —