दोन तासांची मुदत

प्रिय ठकू,

तुझ्या आईला तू फोन करतेस तेव्हा मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत असतो. एकच पान, तासभर. माझे कान तुला ठाऊकच आहेत. पंख्यांच्या घरघरीवरून कुठल्या सर्व्हरवर भार पडलाय ते मी अजून ओळखतो. तुझं हसू भिंतीआडून ऐकू येणारच. परवा खोकत होतीस. औषध घे.

आमच्या संगणक केंद्रात नवा साहेब आलाय. हुशार आहे, पण हिशेबी. सगळा क्लस्टर, एकत्र जोडलेली ती सगळी मशीन, उपसून विचारतो, "काका, दर गुरुवारी दोन तास बत्तीस मशीन राखीव ठेवलेली ही 'ठकू' कोण? तीन वर्षांत एक काम चालवायला टाकलेलं नाही आणि रांगेत पहिला नंबर!" मी म्हटलं, "बाई जरा सावकाश आहेत." तो हसला आणि मी तुझ्यासाठी राखून ठेवलेली ती वेळ पुसून टाकली. चूक त्याची नाही. बाहेर दोनशे जणांची कामं खोळंबलेली असतात.

एसीच्या फिल्टरची धूळ झाडायला म्हणून मी केंद्राच्या या मशीनच्या खोलीत शिरलो, आणि कुणाचं काम आधी, कुणाचं नंतर हे ठरवण्यापर्यंत पोचलो. त्याचा ताठा होताच. तुझ्या पुराच्या अंदाजाचं काम आमच्या मशीनवर अकरा दिवस चाललं होतं, दोन तास कमी पडत होते. तू फोनवर म्हणालीस, "बाबा, मुदत वाढव ना." मी म्हणालो, "बाबा घरी. इथे अर्ज कर." अर्ज मंजूर व्हायच्या आत मुदत संपली आणि यंत्रणेनं तुझं काम मध्येच तोडलं; अकरा दिवस वाया गेले. तू परत घरी आली नाहीस.

तुझी आई म्हणते, नियम पाळलात, त्यात काय चुकलं? तिला खरं सांगितलेलं नाही. आदल्याच आठवड्यात एका अनोळखी संशोधकाला मी सहा तास वाढवून दिले होते, अर्ज न घेता, त्यानं न मागता. एक ओळ टाइप करायची असते, बस. तुझ्या वेळी माझ्या मागे चार माणसं उभी होती. 'पोरीचे लाड करतो' म्हणतील, एवढीच भीती. नियमाचं मी नुसतं नाव पुढे केलं गं. हे तुला सांगायचं राहिलं होतं, म्हणून लिहिलं. चिडशील. चीड, हवं ते बोल, पण या वेळी फोन आईला नको, मला कर.

तुझाच,
बाबा